गळ टाकण्यापूर्वींची निवड

वऱ्हाडांत, वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, जऊळका नांवाचें गांव आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावर त्याचें स्टेशन असल्यामुळें ‘जऊळका रेल्वे’ असें म्हणण्याचाच प्रघात पडला आहे. हें गांव ज्या मुलखांत वसलें आहे, त्याचें एक वैशिष्ट्य शाळेंतल्या नकाशावरहि ध्यानांत येतें. ह्या जिल्ह्याच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस काटेपूर्णेंत जातो; काटेपूर्णा पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी पश्चिम समुद्रास. दक्षिण उतारावरचें पाणी पैनगंगेंतून वर्धेंत, वर्धेंतून प्राणहितेंत व पुढें गोदावरींत जाऊन पूर्व समुद्रास मिळतें. एकाच जिल्ह्यावरचा ढग आपलें पाणी दोन समुद्रांना असें वांटून देतो. मात्र दोन्ही समुद्र येथून शेंकडों मैल दूर. समुद्रांत वाढलेला मासा एवढी वाट उलटी चढून नदीच्या उगमाशीं येतो, असें येथें कोणी सांगितलें, तर ऐकणारा हंसेल.

असा मासा जगांत आहे. त्याचें नांव सॅमन. उत्तर युरोप व उत्तर अमेरिका येथील थंड नद्यांत तो जन्मतो. उगमाकडील उथळ, स्वच्छ पाण्यांत मादी खडी उकरून तींत अंडीं घालते. पिलें एक ते चार वर्षें गोड्या पाण्यांत काढतात. मग अंगावर रुपेरी झांक येऊन समुद्रांत उतरतात, तेथें एक ते तीन वर्षें चरून पुष्ट होतात, आणि बहुधा ज्या नदींत जन्मलीं तीच नदी शोधीत परत येतात. उष्ण देशांचें पाणी ह्या माशाला मानवत नाहीं, म्हणून हिंदुस्थानच्या नद्यांत तो नाहीं. मुंबईच्या बाजारांत ‘इंडियन सॅमन’ ह्या नांवानें जो विकला जातो तो आपला रावस होय. त्याचें व सॅमनचें कूळ अगदीं निराळें आहे.

सॅमनचा एक स्वभाव पुढच्या सर्व इतिहासाच्या मुळाशीं आहे. समुद्र सोडून नदींत शिरल्यावर तो खाणें टाकतो. अंगांत सांठविलेल्या चरबीवर महिनेच्या महिने काढतो. मग भूक नसलेला मासा गळावरच्या पिसांच्या बनावट माशीवर झडप कां घालतो? राग, संवय, कुतूहल असे अनेक तर्क झाले आहेत. सर्वमान्य उत्तर नाहीं. परंतु ह्यामुळें एक गोष्ट ठरून गेली. भुकेल्या माशाला आमिष दाखविलें कीं काम होतें. उपाशी राहण्याचा निश्चय केलेल्या माशाला गांठावयाचें, तर तो कोणत्या खडकाआड विसावतो, पाणी किती चढलें म्हणजे हलतो, उन्हाच्या कोणत्या कलेला वर येतो, हें ठाऊक असावें लागतें. हें ज्ञान पुस्तकांत मिळत नाहीं. तें त्या पाण्याच्या शेजारीं जन्म काढलेल्या माणसापाशीं असतें. सुट्टींत चार दिवस नदीवर येणाऱ्या शहरी माणसास असा माणूस बरोबर घेणें भाग पडलें, आणि त्यांतून वाटाड्याचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला.

ह्या धंद्याला रीतसर रूप आलें तें स्कॉटलंडमध्यें. तेथें सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीहून वेगळी अशी स्थावर मालमत्ता मानतात. नदीचे पट्टे पडलेले असतात, व ते आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें देतां येतात. राणी व्हिक्टोरिया हिच्यासाठीं डी नदीच्या कांठचें बाल्मोरल १८५२ सालीं विकत घेण्यांत आलें, आणि उत्तरेकडील डोंगरांत सुट्टी घालविणें ही प्रतिष्ठेची चाल झाली. आगगाडी जसजशी पुढें सरकली तसतसे लंडनचे व्यापारी व वकीलहि त्या वाटेनें येऊं लागले. त्यांच्या दिमतीला असणाऱ्या माणसाला ‘गिली’ म्हणत. गेलिक भाषेंत ह्या शब्दाचा मूळ अर्थ पोऱ्या किंवा चाकर असा आहे. पण नदीवर गेल्यावर चाकर कोण आणि धनी कोण, ह्याचा उलगडा फार लवकर होत असे. नाव कोठें लावावी, दोर किती सैल सोडावा, केव्हां स्वस्थ बसावें, हें गिलीनें सांगावें आणि साहेबानें ऐकावें, अशी रीत होती. रविवारीं मात्र दोघांनाहि विश्रांति. स्कॉटलंडांत रविवारीं सॅमनला गळ टाकण्यास कायद्यानेंच बंदी आहे.

सुट्टीस निघालेल्या माणसापुढें म्हणून तीन प्रश्न असत. कोणती नदी घ्यावी, कोणता हंगाम धरावा, आणि कोणाच्या हातीं आपणांस सोंपवावें. पहिल्या दोहोंचीं उत्तरें पैसा व पंचांग ह्यांवर ठरत. तिसऱ्याचें उत्तर बहुतेक जण योगायोगावर सोडीत. खरें पाहतां सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता. ह्याची साक्ष त्या देशांतील सर्वांत गाजलेल्या सॅमननें दिली आहे.

ता. ७ ऑक्टोबर १९२२. टे नदीवर ग्लेनडेल्व्हाइन नांवाच्या पट्ट्यांत जेम्स बॅलंटाइन हा नावाडी आपल्या जॉर्जिना ह्या मुलीस घेऊन नावेंत बसला होता. मालकाच्या पाहुण्यांना मासे दाखविणें हा त्याचा रोजचा व्यवसाय. जॉर्जिनानें पहिल्या महायुद्धांत परिचारिकेचें काम केलें होतें. संध्याकाळीं तिच्या गळाला एक मासा लागला. बापानें नाव हांकावी, लेकीनें काठी आंवरावी, असा झगडा दोन तासांवर चालला. अंधार पडला, तरी मासा दिसेना. शेवटीं त्याला नावेंत ओढलें तेव्हां त्याचें वजन ६४ पौंड भरलें. गळानें धरलेला एवढा मोठा सॅमन ब्रिटनमध्यें त्यापूर्वीं नोंदलेला नव्हता, आणि त्यानंतरहि शंभर वर्षांत तो विक्रम मोडलेला नाहीं. मासा पर्थ शहरांतील रुग्णालयास देण्यांत आला. ज्या नद्यांवर सरदार व सावकार भाडें मोजून दिवसच्या दिवस काढीत, त्यांच्या इतिहासांतील सर्वांत मोठा मासा नावाड्याच्या मुलीला मिळावा, ह्यांत दैवाचा भाग असेल. पण पाणी ओळखणारा माणूस वल्ह्यांवर होता, हें दैवाहून अधिक होतें.

इंग्लंडांतील हौशी लोक १८३० च्या सुमारास नॉर्वेच्या नद्यांवर जाऊं लागले. नॉर्वेचे शेतकरी त्यांना ‘सॅमन लॉर्ड’ म्हणत. त्या शेतकऱ्यांना प्रथम ह्या लोकांचें हंसूं आलें. पुढें आपल्या दारावरून वाहणाऱ्या पाण्याचें भाडें येतें हें पाहून ते नदी जपूं लागले. अटलांटिकच्या पलीकडे न्यूयॉर्कच्या धनिकांनीं कॅनडांत रेस्टिगूश नदीवर १८८० सालीं स्वतःचा एक क्लबच काढला. कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक प्रांतांत तर बाहेरून येणाऱ्यानें परवाना असलेला स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय सॅमनच्या पाण्यांत गळ टाकूं नये, असा नियम आहे. एका अर्थानें हा पाहुण्यावर जुलूमच. पण त्यामुळें नदीकांठच्या माणसाची मिळकत जिवंत माशाशीं बांधली गेली, आणि पाहुण्याच्या हातावर कोणाची तरी नजर राहिली.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. येथें आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना सॅमनची आठवण सुटत नव्हती. १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्सिस डे ह्या मत्स्यशास्त्रज्ञानें निलगिरींत विलायती ट्राउट रुजविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढें इतरांच्या खटपटीला तेथें यश आलें. १९०० च्या सुमारास काश्मिरांतहि ट्राउट वाढूं लागले. सॅमन मात्र मिळाला नाहीं. त्याची जागा एका देशी माशानें भरून काढली. तो मासा म्हणजे महासीर.

महासीर हा कुळानें रोहू-कटल्याच्या जातीचा, खवले रुपयाहून मोठे, आणि बळ असें कीं वाहत्या प्रवाहांत खडकांमधून दोर तोडून जाईल. समुद्राशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु पावसाळ्यांत पूर आला कीं तो अंडीं घालण्यासाठीं नदीच्या वरच्या अंगाला चढतो, ह्या एका गोष्टींत त्याचें सॅमनशीं साम्य आहे. महाराष्ट्रांतील महासीरला शास्त्रीय नांव मिळालें तें पुण्याच्या पाण्यांतून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडले. त्यांनीं १८३९ सालीं येथील माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत मुळा-मुठेंतील एका माशास त्यांनीं ‘खुद्री’ म्हटलें व शिरूरजवळच्या घोड नदींतील दुसऱ्यास ‘मसला’. हीं नांवें लॅटिन नव्हेत. नदीकांठीं चालूं असलेलींच त्यांनीं उचललीं. आज जगांतले शास्त्रज्ञ ‘टॉर खुद्री’ म्हणतात, तेव्हां पुणें प्रांतांतल्या मासेमाराचा शब्द ते उच्चारीत असतात. तो शब्द ज्यांनीं साइक्ससाहेबांस सांगितला त्यांचीं नांवें मात्र कोणी टिपून ठेविलीं नाहींत.

महासीरला शिकारीच्या जगांत मान मिळवून दिला हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांनीं. ते मद्रास इलाख्यांत दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर होते. त्यांचें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक १८७३ सालीं मंगळूर येथें छापलें गेलें. झुंजीच्या बाबतींत महासीर सॅमनपेक्षां सरस आहे, असें मत त्यांनीं त्यांत निःसंकोच मांडलें. विलायतेंत ज्याला सॅमनची नदी भाड्यानें घेण्याची ऐपत नाहीं, अशा साध्या अंमलदारालाहि येथें राजेशाही शिकार मिळते, हें कळल्यावर रजेचे बेत महासीरच्या नद्यांकडे वळले. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या, नर्मदा, कावेरी हीं नांवें त्या वर्गाच्या तोंडीं बसलीं. जिम कॉर्बेट ह्यांच्या नरभक्षक वाघांवरील १९४४ सालच्या प्रसिद्ध पुस्तकांतहि एक प्रकरण वाघाऐवजीं महासीरला दिलेलें आहे.

टॉमस ह्यांची दुसरी कामगिरी कमी प्रसिद्ध असली, तरी अधिक मोलाची आहे. नद्यांत विष कालवून आणि बारीक जाळीं लावून पिलांसुद्धां मासे मारले जातात, ह्याविषयीं त्यांनीं सरकारकडे सतत लिहिलें. अशा खटपटींचें फळ म्हणून १८९७ चा मत्स्यविषयक कायदा झाला. त्यानें पाण्यांत सुरुंग लावण्यास व विष टाकण्यास बंदी केली. कायदा कागदावर आला, पण प्रत्येक डोहावर शिपाई कोठून ठेवणार? डोहाचें रक्षण कायद्याहून जुन्या एका गोष्टीनें कांहीं ठिकाणीं होत होतें, ती म्हणजे श्रद्धा. देहूस इंद्रायणींतले मासे, वाडें तालुक्यांत तिळसें येथें वैतरणेच्या डोहांतले मासे, महाड तालुक्यांतील वाळणकोंडींतले मासे देवाचे मानले जातात. त्यांना कुरमुरे, पीठ घालावें. गळ घालूं नये. हौशी शिकाऱ्याच्या दृष्टीनें हें सोन्याच्या खाणीला कुलूप लावण्यासारखें होतें. पण नदी उन्हाळ्यांत आटून डोहांपुरती उरते, तेव्हां पुढच्या पावसाळ्याचें बियाणें ह्याच डोहांत शिल्लक राहतें, हें विसरून चालणार नाहीं. वऱ्हाडांतील लहान नद्यांची स्थितीहि हीच. काटेपूर्णेसारखी नदी वैशाखांत पाहिली, तर कोणता डोह आटतो व कोणता टिकतो हें ठाऊक असणें म्हणजे नदीचा जीव कोठें आहे हें ठाऊक असणें होय.

मोठ्या महासीरचे विक्रम दक्षिणेंत झाले. म्हैसूर संस्थानांतील कावेरीच्या खोऱ्यांत १९१९ सालीं रिव्हेट-कार्नाक ह्या इंग्रज अधिकाऱ्यास ११९ पौंडांचा मासा मिळाला. १९४६ सालीं कबिनी नदीवर व्हॅन इंगेन ह्यांनीं १२० पौंडांचा मासा काढला. म्हणजे सुमारें ५४ किलो, एका प्रौढ माणसाचें वजन. व्हॅन इंगेन हें म्हैसूरचें प्रसिद्ध घराणें. शिकारीचीं कातडीं भरून हुबेहूब प्राणी उभे करण्यांत त्यांचा हात धरणारा नव्हता. दोन्ही विक्रमांशीं धरणाऱ्यांचीं नांवें जोडलेलीं आहेत. त्यांची नाव कोणी हांकली, जागा कोणी दाखविली, ह्याचा विक्रमांच्या यादींत उल्लेख नाहीं. जॉर्जिना बॅलंटाइनचा बाप निदान तिच्या नांवानें तरी स्मरणांत राहिला.

स्वातंत्र्यानंतर धरणांचें युग आलें. धरणानें माशाची चढण्याची वाट बंद होते, आणि खडीच्या जागा बुडून जातात. महाराष्ट्रांत ह्याचा अनुभव त्याआधींच आला होता. टाटांच्या कारखान्यानें खोपोलीस १९१५ सालीं वीज निर्माण केली, व लोणावळ्याच्या परिसरांत वळवण, शिरवटें असे तलाव झाले. त्या तलावांत खुद्री महासीर टिकून राहिला, ही सुदैवाची गोष्ट. राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्यांनीं येथेंच ह्या माशाच्या विणीचा अभ्यास केला. त्यांचा निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मासिकांत १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. मादीच्या पोटांतून अंडीं हातानें काढून तीं फळवितां येतात हें सिद्ध झाल्यावर टाटांच्या मत्स्यबीज केंद्रांतून लक्षावधि पिलें तयार होऊं लागलीं. नाहींसा होत चाललेला मासा माणसाच्या हातून पुन्हां वाढला. सुट्टीस लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन परतणाऱ्या मुंबईकरांपैकीं फारच थोड्यांस हें ठाऊक असेल, कीं त्या तलावांच्या कांठीं हिंदुस्थानच्या मत्स्यशास्त्रांतील एक मोठें काम होऊन गेलें.

ह्या कामाची दुसरी बाजू पुढें कावेरीवर उघडकीस आली. १९७७-७८ सालीं तीन इंग्रज तरुण महासीरच्या शोधांत हिंदुस्थानांत आले. हा मासा आतां संपला असें बाहेरच्या जगांत धरून चालले होते. कावेरीवर त्यांना प्रचंड महासीर मिळाले, आणि त्यांच्या बातमीनें पाश्चात्य हौशी लोकांची रीघ लागली. बंगळूरच्या एका वन्यजीव संघानें नदीचा कांहीं भाग संरक्षणासाठीं घेतला. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस ह्या कंपनीनें भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी येथें छावण्या उघडल्या. नियम असा कीं, मासा धरावा, तोलावा, आणि जिवंत परत सोडावा.

ह्या छावण्यांतील वाटाडे कोण होते? त्यांपैकीं कित्येक पूर्वीं त्याच नदींत सुरुंग लावून किंवा चोरून मासे मारणारे. नदीचा प्रत्येक खळगा त्यांना पाठ होता. छावणीनें त्यांना पगार दिला, अंगावर गणवेष चढविला, आणि तेच ज्ञान मासा राखण्याकडे वळविलें. नाचणीच्या पिठाचा मसालेदार गोळा गळाला कसा लावावा, वेताच्या गोल टोपलीवजा नावेंतून माशामागें कसें जावें, दमलेल्या माशाला सोडण्यापूर्वीं प्रवाहाकडे तोंड करून किती वेळ धरावें, हें ते पाहुण्यांस शिकवीत. सुरुंगाचा आवाज आला तर धांवून जाणारेहि तेच असत. एखाद्या मोठ्या माशाला वर्षांत अनेक वेळां धरून सोडल्यानें अनेक वेळां मजुरी मिळते, मारल्यानें एकदांच. हा हिशेब त्यांना कोणी समजावून देण्याची गरज पडली नाहीं.

छावणींत दुसरी एक साधी गोष्ट होत असे. दर दिवशीं किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कोणत्या जातीचे व किती वजनाचे, ह्याची वहींत नोंद होई. गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ ह्या काळांतील नोंदी शास्त्रज्ञांनीं पुढें तपासल्या. तेवीस हजारांहून अधिक तास आणि सहा हजारांहून अधिक मासे, एवढी ती सामग्री भरली. एक पौंडापासून शंभर पौंडांच्या वरपर्यंतचे मासे तींत होते. त्या वहींनें जें सांगितलें तें कोणाच्या मनांतहि नव्हतें. माशांची संख्या वाढत होती, पण त्यांत कावेरीचा मूळचा, पाठीला कुबड असलेला, सोनेरी-नारिंगी पंखांचा महासीर झपाट्यानें कमी होत चालला होता. त्याची जागा निळसर पंखांचा दुसरा महासीर घेत होता. हा दुसरा म्हणजे आपला खुद्री. लोणावळ्याचीं पिलें चांगल्या हेतूनें देशभर वांटलीं गेलीं, त्यांत कावेरीच्या खोऱ्यांतहि गेलीं, आणि तेथें तीं इतकीं फोफावलीं कीं घरचा धनी मागें पडला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

आणखी एक नवल म्हणजे, ह्या कुबडवाल्या महासीरला तोंवर निश्चित शास्त्रीय नांवच नव्हतें. टॉमस ह्यांच्या काळापासून सुमारें दीडशें वर्षें हा जगांतील सर्वांत नामांकित शिकारी माशांपैकीं एक. त्याचीं छायाचित्रें निघालीं, विक्रम नोंदले गेले. पण शास्त्राच्या यादींत त्याची जागा रिकामी होती. केरळांतील पांबार नदींतून आधीं वर्णन केलेली ‘टॉर रेमादेवी’ हीच ती जात, असें २०१८ सालीं ठरलें. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें तिला अत्यंत संकटग्रस्त ठरविलें. नांव मिळालें आणि मृत्यूची सूचनाहि बरोबरच आली. उलट खुद्री, जो एके काळीं संकटग्रस्तांच्या यादींत होता, तो पुढें त्या यादींतून बाहेर पडला. एका प्रांतांत ज्या कामाचें पुण्य जमेस धरावयाचें, त्याच कामाची तूट दुसऱ्या प्रांताच्या खात्यावर पडली. पुण्याच्या नदींतून नांव घेऊन निघालेला मासा असा म्हैसूरच्या इतिहासांत शिरला.

कावेरीवरील छावण्यांतील गळ २०१२ पर्यंत थांबले. अभयारण्याच्या हद्दींत गळ टाकणें हीहि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें शिकारच, असा अर्थ लावण्यांत आला. ह्या निर्णयावर दोन मतें आहेत, आणि दोहोंतहि तथ्य आहे. केवळ मौजेसाठीं प्राण्याच्या ओंठांत लोखंड अडकवावें, दमेपर्यंत झुंजवावें व मग सोडून देऊन दयाळूपणा मिरवावा, हें अभयारण्यांत शोभत नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. देहूच्या घाटावर माशांना पीठ घालणाऱ्या माणसाला हें सहज पटेल. दुसरा पक्ष विचारतो कीं, वाटाड्याची मजुरी गेल्यावर रात्रीं सुरुंगाचा आवाज ऐकून धांवणार कोण, आणि वही लिहिणार कोण? मूळचा मासा चालला आहे, ही गोष्ट जगाला गळ टाकणाऱ्यांच्या वहीनेंच कळली. वही बंद झाल्यावर पुढें काय झालें हें तितक्या नेमकेपणानें सांगणारें साधन उरलें नाहीं. पहिल्या पक्षापाशीं धर्म आहे, दुसऱ्यापाशीं अनुभव. नदीला दोहोंची गरज आहे.

विलायतेंतहि काळ पालटला आहे. स्कॉटलंडच्या नद्यांत परत येणारे सॅमन इतके घटले कीं, वसंत ऋतूंतले मासे सोडून देण्याची कायद्यानें सक्ति झाली, आणि आतां गळाला लागलेले बहुतेक सर्वच मासे परत पाण्यांत जातात. २०२३ सालीं अटलांटिक सॅमनची एकंदर जात ‘संकटाच्या जवळ’ अशी नोंदली गेली. ब्रिटनमधील सॅमन तर संकटग्रस्त ठरले. ६४ पौंडांचा मासा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांत पाठविण्याचे दिवस गेले. गिली अजून आहे. पण मासा नावेंत कसा ओढावा ह्यापेक्षां तो पाण्याबाहेर न काढतां गळ कसा सोडवावा, हें आतां त्याच्या विद्येचें मुख्य अंग झालें आहे.

म्हणून सुट्टींत गळ घेऊन निघणाऱ्यानें, मग तो टे नदीवर सॅमनसाठीं जावो कीं आपल्याकडील एखाद्या परवानगीच्या पाण्यावर महासीरसाठीं, मासा किती मोठा मिळेल हा प्रश्न शेवटीं ठेवावा. आधीं विचारावें तें असें. हें पाणी कोणाचें, आणि येथें गळ टाकण्यास परवानगी आहे काय? हंगाम विणीचा तर नव्हे? महासीर पावसाळ्याच्या पुरांत अंडीं घालण्यास चढतो. तेव्हां त्याला अडविणें म्हणजे पेरणीच्या दिवशीं बियाणें खाणें. गळाला उलटा कांटा नाहीं ना, मासा परत सोडतात ना? ह्या नदींतला मूळचा मासा कोणता व बाहेरून आणलेला कोणता, हें कोणी सांगूं शकतो काय? आणि बरोबर येणारा माणूस त्याच नदीचा आहे, कीं शहरांतून आणलेला भाडोत्री? ज्या ठिकाणीं ह्या प्रश्नांना चटकन् व नेमकीं उत्तरें मिळतात, तेथें मासा मिळो वा न मिळो, सहल वायां जात नाहीं. जेथें उत्तराऐवजीं मोठ्या माशांचीं छायाचित्रें पुढें करतात, तेथून परतावें.

इतिहासानें गळ धरणाऱ्यांचीं नांवें जपलीं. डोह दाखविणाऱ्यांचीं फारशीं जपलीं नाहींत. ती उणीव मागें जाऊन भरून काढतां येणार नाहीं. परंतु काटेपूर्णेपासून कावेरीपर्यंत कोणता डोह उन्हाळ्यांत टिकतो, कोणता मासा पूर्वीं दिसत असे आणि आतां दिसत नाहीं, हें सांगणारीं म्हातारीं माणसें अजून गांवोगांव आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या नांवानिशीं, तारखेनिशीं तें वहींत उतरून घेणें हें काम गळ न टाकणारा मनुष्यहि सुट्टींत करूं शकतो. गालिबोरेच्या वहीनें एका माशाचें दुःख जगापुढें मांडलें. इतर नद्यांच्या वह्या अजून कोऱ्या आहेत.